भाव कुठे तुटतो, कुठे तुटत नाही: नव्या फ्लॅटच्या किमतीबद्दल वाचकांचे प्रश्न

थेट बिल्डरकडून नवा फ्लॅट घेताना किमतीची बोलणी कशी करावी, याबद्दलचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांतले मुद्रांक शुल्काचे दर महाराष्ट्रातले आहेत. हिशेबासाठी घेतलेल्या किमती उदाहरणादाखल आहेत; त्या जागी आपल्या कॉस्ट शीटवरचे (बिल्डर देतो त्या किमतीच्या तपशिलाच्या कागदावरचे) आकडे घालून पाहावेत.

प्रश्न : एका प्रकल्पात टू बीएचके ‘८२ लाख ऑल-इन’ सांगितला. शेजारच्या प्रकल्पात ‘९,८०० रुपये फूट, ७५० फूट’ असे सांगतात. तुलना कशी करायची? आणि किती कमी करून मागायचे? (वाकड, पुणे)

उत्तर : हे दोन आकडे आहेत तसे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. पहिल्यात सरकारी कर मिसळलेत, दुसऱ्यात बहुधा बाल्कनी. दोन्हीकडून छापील कॉस्ट शीट घ्या आणि एकच आकडा काढा: करारनाम्यातली किंमत (सेल्सवाले जिला ‘एव्ही’ म्हणतात ती) भागिले रेरा कार्पेट.

रेरा कार्पेट म्हणजे काय, हे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातच (म्हणजे रेरात) दिले आहे. घरातले वापरता येणारे क्षेत्र आणि आतल्या भिंतींची जागा त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, फक्त तुमच्या वापराची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. ‘यूजेबल कार्पेट’ किंवा ‘टोटल कार्पेट’ असे काही कायद्यात नाही. हॉलची बाल्कनी, बेडरूमची बाल्कनी आणि स्वयंपाकघराला लागून असलेली ड्राय बाल्कनी मिळवून तो आकडा फुगवलेला असतो. बाल्कनीचे पैसे घेणे बेकायदा नाही, पण एका इमारतीचा दर बाल्कनीसह आणि दुसरीचा बाल्कनीशिवाय, अशी तुलना केली तर महाग घर स्वस्त वाटते.

तुमच्या दुसऱ्या प्रकल्पातल्या ७५० फुटांत ६० फूट बाल्कनी आहे असे धरा. ९,८०० गुणिले ७५० म्हणजे ७३.५ लाख. त्याला ६९० ने भागले की खरा दर १०,६५२ रुपये येतो. आता पहिला प्रकल्प. ८२ लाखांतून नोंदणी फीचे ३० हजार आणि सोसायटी, देखभाल वगैरेचे समजा दीड लाख वजा केले की ८०.२ लाख उरतात. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के आणि बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, म्हणून त्याला १.१२ ने भागा. करारनाम्याची किंमत आली सुमारे ७१.६ लाख. रेरा कार्पेट ७४५ फूट असेल तर दर ९,६११ रुपये पडतो. ऐकताना दोन्ही घरे सारखी वाटली होती. फुटामागे हजाराचा फरक आहे.

किती कमी मागायचे, याचा ठरावीक टक्का नाही. मात्र कुठे मागायचे हे कॉस्ट शीटच सांगते. मूळ दर बिल्डर सगळ्यात शेवटी हलवतो, कारण तो एकदा खाली आला की पुढचा प्रत्येक ग्राहक तोच मागतो. फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठी वाढवलेला दर), ‘गार्डन फेसिंग’चे जादा पैसे, पार्किंग, क्लबहाऊस, इन्फ्रा चार्जेस या ओळी बिल्डरने स्वतः घातलेल्या असतात आणि तिथे त्याला हात सैल सोडता येतो. समजा चौथ्या मजल्यापासून मजल्यामागे फुटाला ४० रुपये लावलेत आणि फ्लॅट अकराव्या मजल्यावर ७०० फुटांचा आहे. आठ मजल्यांचे ३२० रुपये गुणिले ७००, म्हणजे २ लाख २४ हजार केवळ उंचीचे. ‘दर राहू द्या, फ्लोअर राइज निम्मा करा’ ही मागणी त्याला मान्य करायला सोपी जाते.

देखभालीची आगाऊ रक्कम २४ महिन्यांऐवजी १२ महिन्यांची करून मिळाली तर जरूर घ्या. हातचे पैसे वाचतात. पण ती सूट म्हणून मोजू नका, तो खर्च पुढच्या वर्षी येणारच आहे.

प्रश्न : ‘कालच वरचा फ्लॅट याच दराने गेला’ असे साइट ऑफिसमध्ये सांगतात. इतरांनी खरोखर किती दिले हे कळायला काही मार्ग आहे का? (ठाणे)

उत्तर : आहे, आणि भाव करणाऱ्याच्या हातात याहून चांगला कागद नाही. प्रत्येक नोंदणीकृत करारनाम्याची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये पाहता येते. मोफत सुविधाही आहे.

आधी महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचे पान उघडा आणि तिथून जमिनीचा सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहून घ्या. मग ई-सर्चमध्ये वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक भरा. इथे बरेच जण अडकतात, कारण तोच नंबर दस्तांमध्ये वेगवेगळ्या तऱ्हेने टाकलेला असतो: कुठे ४५/२/१, कुठे नुसता ४५. एकाने काही निघाले नाही तर दुसरा घालून पाहा. निघालेल्या यादीत विलेखाचा प्रकार ‘करारनामा’ असलेले दस्त उघडा. जुन्या इमारतीतल्या पुनर्विक्रीचे दस्त बाजूला ठेवा.

इंडेक्स टूमधल्या दुसऱ्या रकान्यात ‘मोबदला’ असतो. हीच करारनाम्याची किंमत. तिसऱ्या रकान्यातला ‘बाजारभाव’ म्हणजे रेडी रेकनरने (सरकारने ठरवलेल्या दरांनी) काढलेले मूल्य, बाजारातला दर नव्हे. या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. चौथ्या रकान्यात फ्लॅट नंबर, मजला, विंग आणि बहुधा पार्किंगचा उल्लेख सापडतो, पाचव्यात क्षेत्रफळ. ते चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा. त्याच विंगमधले गेल्या चार-सहा महिन्यांतले आठ-दहा दस्त वहीत उतरवा आणि प्रत्येकाचा रेरा कार्पेटवरचा दर काढा.

वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. दर ठरतो बुकिंगच्या दिवशी आणि नोंदणी होते नंतर, कधी दोन-तीन महिन्यांनी. आज नोंदलेला दर आजचा असेलच असे नाही. दुसरे, फुकट दिलेले मॉड्युलर किचन किंवा बिल्डरने भरलेले मुद्रांक शुल्क इंडेक्स टूमध्ये दिसत नाही. कागदावरचा दर जास्त दिसूनही त्या ग्राहकाला मागच्या दाराने काही मिळालेले असू शकते.

त्याच महारेराच्या पानावर एकूण सदनिका किती, बुक किती झाल्या आणि बांधकाम कुठवर आले हे तिमाही अहवालात असते. ‘शेवटचे चारच उरलेत’ हे वाक्य तिथे पडताळता येते.

हे आकडे बोलताना कसे वापरायचे, तेही सांगतो. कागद टेबलावर आपटून ‘तुम्ही खोटे बोलता’ म्हणण्यात काही मिळत नाही. ‘याच विंगमध्ये नवव्या मजल्याचा करारनामा या महिन्यात या दराने नोंदला आहे, मला सातवा हवा आहे, या दराला तयार असाल तर आज चेक देतो, कर्जाचे मंजुरीपत्र सोबत आहे’, एवढे पुरते. समोरचा माणूस हा आकडा वरिष्ठांकडे घेऊन जाऊ शकतो. नुसते ‘जरा कमी करा’ घेऊन तो जाऊ शकत नाही.

प्रश्न : सूट द्यायचा अधिकार कोणाला असतो? एजंटमार्फत जावे की थेट? (खारघर)

उत्तर : साइटवर पहिल्यांदा भेटणाऱ्याच्या हातात फार तर ठरलेली सणाची ऑफर असते. त्यावरचा निर्णय क्लोजिंग मॅनेजर किंवा सेल्स हेड घेतो, लहान बिल्डरकडे भागीदार स्वतः. म्हणून पहिल्या भेटीत आपला आकडा सांगू नका. घर पाहा, कॉस्ट शीट घ्या, या. आकडा दुसऱ्या भेटीत, निर्णय घेणारा समोर असताना सांगा.

एजंटचे म्हणाल तर पहिल्या भेटीत साइटवर भरून घेतात तो फॉर्म नीट वाचा. चॅनल पार्टनरचे, म्हणजे बिल्डरकडून कमिशन घेणाऱ्या एजंटचे, नाव तिथे पडले की काही आठवडे तुम्ही त्याच्या नावावर टॅग होता आणि त्याचे कमिशन बिल्डरच्या हिशेबात धरले जाते. मग ‘थेट आलो आहे, कमिशनचे पैसे मला कमी करा’ असे म्हणायची सोय राहत नाही. एखाद्या पोर्टलवर नंबर टाकल्यानेही हा टॅग लागू शकतो. एजंट खरोखर पाच प्रकल्प फिरवून तुलना करून देत असेल तर त्याचे काम मोलाचे आहे. फक्त आपण कोणत्या वाटेने आलो हे माहीत असू द्या.

काही वेळा सेल्स हेडचीही इच्छा असून हात बांधलेले असतात. प्रकल्पावर कर्ज असेल तर कर्ज देणारी संस्था किमान विक्री दर ठरवून देते आणि त्याखाली विकायला तिची परवानगी लागते. अशा ठिकाणी दरावर अडून बसण्यापेक्षा पार्किंग, फ्लोअर राइज, हप्त्यांची रचना यांकडे वळलेले बरे. मार्चअखेर आणि तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात विक्रीची लक्ष्ये पुरी करायची असतात, तेव्हा दार जरा जास्त उघडते. पाडवा आणि दसऱ्याला गर्दी असते. दसऱ्याच्या आधीचा पितृपंधरवडा ग्राहकाला सोयीचा.

प्रश्न : ८० लाखांच्या फ्लॅटवर बिल्डर दोन पर्याय देतो: मुद्रांक शुल्क तो भरेल, किंवा किमतीत ५ लाख कमी. फायद्याचे कोणते? (पिंपळे सौदागर)

उत्तर : एकूण खर्चात दोन्ही जवळपास सारखे आहेत. ८० लाखांवर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५.६ लाख. दुसऱ्या पर्यायात किमतीतले ५ लाख, शिवाय त्या ५ लाखांवरचे ७ टक्के शुल्क आणि ५ टक्के जीएसटी मिळून ६० हजार वाचतात: तेही ५.६ लाखच. यातून एक सूत्र मिळते. पुण्यात करारनाम्याच्या किमतीतला प्रत्येक कमी केलेला लाख तुम्हाला १ लाख १२ हजारांचा पडतो. म्हणून ‘३ लाखांचे किचन फुकट की किमतीत ३ लाख कमी’ असा प्रश्न असेल तर किमतीतली घट घ्या. त्यात ३६ हजार जास्त सुटतात आणि किचन तुमच्या मनासारखे करता येते.

मात्र खिशाचा हिशेब वेगळा निघतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ३० लाखांवरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी त्या मूल्यात धरत नाही. जीएसटीही स्वतः भरायचा असे समजू. मूळ किमतीला तुमच्या खिशातून स्वतःच्या हिश्शाचे १६ लाख, शुल्काचे ५.६ लाख आणि जीएसटीचे ४ लाख, म्हणजे २५.६ लाख जातात. किंमत ७५ लाख झाली तर १५ लाख अधिक ९ लाख, म्हणजे २४ लाख. शुल्क बिल्डरने भरले तर २० लाख. नोंदणी फीचे ३० हजार तिन्हीकडे तसेच. हातातली रक्कम अपुरी पडत असेल तर पहिला पर्याय चार लाखांनी हलका आहे. पैसे जुळत असतील तर किंमत कमी करून घ्या, कारण त्यात कर्जाचा आकडाही ६४ लाखांवरून ६० लाखांवर येतो आणि व्याज वाचते.

पहिला पर्याय घेतलाच तर शुल्क भरण्याची पद्धत आधी ठरवा. ‘तुम्ही आता भरा, आम्ही शेवटच्या हप्त्यात वळते करू’ असे म्हणाले तर ती सूट ताब्याच्या दिवसापर्यंत अधांतरी राहते. शुल्क भरल्याचे चलन बिल्डरने थेट तुमच्या नावे काढावे.

घर फक्त स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. ८० लाखांवर ते ८० हजार होतात. करारनाम्यात पतीचे नाव सहखरेदीदार म्हणून आले की ती जाते. दुसरीकडे, मालकीत नाव नसेल तर पतीला कर्जावरची प्राप्तिकर सवलत मागता येत नाही. दोन्ही आकडे मांडून ठरवा.

प्रश्न : पार्किंगसह एकूण ४६.५ लाख सांगताहेत. क्षेत्र ६१० फूट. यात काही वाचवता येईल? (नाशिक)

उत्तर : तुमच्या व्यवहारात दीड लाखाची घासाघीस सव्वातीन लाखांहून जास्त सोडवते. १ एप्रिल २०१९ पासून ४५ लाखांपर्यंतच्या, ठरावीक क्षेत्राच्या आतल्या घरांवर जीएसटी १ टक्का आहे, त्यावरच्यांवर ५ टक्के. क्षेत्राची मर्यादा मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर कार्पेट. नाशिक, पुणे, नागपूर यांना ९० चौरस मीटर, म्हणजे साधारण ९६८ फूट. तुमचे घर क्षेत्रात बसते.

४६.५ लाखांवर ५ टक्के म्हणजे २ लाख ३२ हजार ५००, एकूण ४८.८२ लाख. ४५ लाखांवर १ टक्का म्हणजे ४५ हजार, एकूण ४५.४५ लाख. बिल्डरने दीड लाख सोडले की तुमचे ३ लाख ३७ हजार वाचतात. हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. ‘वाचलेल्यातले अर्धे मी पडदे-फर्निचर तुमच्याच माणसाकडून करून घेईन’ वगैरे काही कबूल करायची गरज नाही. मात्र ४५ लाखांत पार्किंग, जादा दर्शनी भागाचे पैसे, विकास शुल्क असे सगळे धरले जाते. पार्किंगचा वेगळा कागद करून आकडा खाली आणू म्हणाले तर तो मार्ग नको.

प्रश्न : ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) दोन महिन्यांत येणार आहे. आता लाखभर टोकन द्या, जीएसटी तेवढ्यावरच लागेल, असे सांगितले. खरे का? (डोंबिवली)

उत्तर : नाही. संपूर्ण मोबदला भोगवटा प्रमाणपत्रानंतर दिला गेला तरच जीएसटी लागत नाही. त्याआधी एक रुपया जरी दिला तरी व्यवहार बांधकाम चालू असलेल्या घराचा ठरतो. ८० लाखांवर ४ लाखांचा प्रश्न आहे. थांबणे परवडत असेल तर थांबा, आणि ओसी आली म्हणतील तेव्हा प्रत पाहा: महापालिकेचा जावक क्रमांक, तारीख, आणि तुमची विंग व तुमचा मजला त्यात आहे का. ओसी टप्प्याटप्प्याने, काही मजल्यांपुरतीही दिली जाते.

ओसी मिळालेल्या इमारतीत ‘जीएसटी माफ’ असा फलक लावलेला असेल तर ती सूट समजू नका. तो कर तिथे मुळातच नाही. सुटीची बोलणी त्यानंतर सुरू होतात, आणि तयार फ्लॅटची देखभाल बिल्डरच्या अंगावर पडत असल्याने चांगली होतात.

प्रश्न : बिल्डर म्हणतो, रेकनरच्या खाली करारनामा करता येत नाही, पण ८ लाख रोख दिले तर एकूण ३ लाख कमी करतो. (नागपूर)

उत्तर : पहिल्या वाक्यात अर्धे तथ्य आहे. रेकनरखाली व्यवहार करायला बंदी नाही, पण मुद्रांक शुल्क करारनाम्याची किंमत आणि रेकनर यांतल्या मोठ्या आकड्यावरच भरावे लागते. प्राप्तिकरात दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. रेकनर ७० लाख आणि किंमत ६४ लाख असेल तर फरक ६ लाख, किमतीच्या दहा टक्क्यांच्या आत, चालते. किंमत ६२ लाख असेल तर फरक ८ लाख होतो, मर्यादा ६.२ लाख, मग पूर्ण ८ लाख तुमचे त्या वर्षाचे उत्पन्न धरून कर लागतो. बिल्डरकडेही तशीच तरतूद आहे, म्हणून तो तिथे थांबतो. प्रत्येक भागात भाव पाडण्याचा कायदेशीर तळ इथे असतो, तो बोलणीआधी काढून ठेवा. रेकनरचे दर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आहेत.

दुसरे वाक्य मान्य करू नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे. तुमचे नुकसान तर त्याहून वाढते. बँक कागदावरच्या किमतीवर कर्ज देते. ताबा रखडला तर परतावा आणि व्याज कागदावरच्या रकमेचेच मागता येते, ते आठ लाख कुठेच नसतात. पुढे घर विकताना खरेदी किंमतही कमी धरली जाते, म्हणजे भांडवली नफ्यावरचा कर वाढतो. हे सगळे तीन लाखांच्या सुटीसाठी.

प्रश्न : कर्ज न काढता घर घेतो आहे. बांधकामाच्या टप्प्यांची वाट न पाहता आताच ९० टक्के भरले तर ५ लाख सूट देतात. (कोल्हापूर)

उत्तर : ८० लाखांच्या घरात टप्प्यांप्रमाणे २० टक्के आता द्यावे लागले असते आणि ७० टक्के, म्हणजे ५६ लाख, पुढच्या अडीच वर्षांत. ही रक्कम सरासरी सव्वा वर्ष आधी जाते. बँकेचा कर्जदर ८.५ टक्के धरला तर त्या काळाचे व्याज ५.९५ लाख होते. बिल्डर तुमच्याकडून बँकेपेक्षा स्वस्त, तारण न देता कर्ज घेतो आहे. ते पैसे एरवी मुदत ठेवीतच राहणार असतील तर आकड्यांत थोडाफार फायदा दिसेल, पण जोखीम पूर्ण तुमची.

महाराष्ट्राच्या नियमांतल्या नमुना करारनाम्यात हप्त्यांना वरची मर्यादा घातली आहे: करारनाम्यानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, त्यानंतर टप्प्याटप्प्याने ९५, आणि उरलेले ५ टक्के ओसीनंतर ताबा देताना. ही रचना ग्राहकासाठी केली आहे. काम थांबले की हप्ताही थांबवता येतो, हे ग्राहकाच्या हातातले सर्वांत मोठे साधन. ते ५ लाखांना विकू नका. हवी तर मधली वाट काढा: आता फक्त टप्प्याइतके भरायचे, पण पुढचा प्रत्येक हप्ता मागणीपत्र आल्यापासून सात दिवसांत द्यायचा, आणि त्या बदल्यात सूट. रोख प्रवाहाची खात्री बिल्डरला हवीच असते.

प्रश्न : ५१ हजार टोकन दिले. तेव्हा तोंडी ठरलेली सूट, दोन एसी आणि ठरावीक पार्किंग आता लिहून द्यायला टाळाटाळ करतात. टोकन परत मिळेल का? आणि पुढे गेलो तर काय काय लिहून घ्यायचे? (हडपसर)

उत्तर : वाटपपत्र, म्हणजे ॲलॉटमेंट लेटर, मिळाले असेल तर त्याची तारीख पाहा. महारेराच्या नमुना वाटपपत्राप्रमाणे ते दिल्यापासून १५ दिवसांत रद्द केले तर काही कापता येत नाही. १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. किमतीच्या टक्क्याने हा आकडा टोकनपेक्षा मोठा होऊ शकतो, म्हणून पंधरा दिवस वाया घालवू नका. रद्द करण्याचे पत्र ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्हीने पाठवा. वाटपपत्र दिलेलेच नसेल तर आधी ते मागा. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्यास रेरा कायद्यात मनाई आहे, हेही लक्षात असू द्या.

टाळाटाळ का होते, तेही सांगतो. नमुना करारनाम्यातच एक कलम असते: या करारनाम्याने आधीचे सगळे पत्रव्यवहार, वाटपपत्रे आणि तोंडी-लेखी समजुती रद्द होतात. सेल्समनचा व्हॉट्सॲप संदेश किंवा कॉस्ट शीटच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलेले ‘२ एसी’ तिथे संपते. जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात छापलेल्या खोट्या माहितीबद्दल कायदा वेगळे संरक्षण देतो, तोंडी कबुलीला मात्र ते मिळवणे कठीण.

म्हणून मसुदा नोंदणीच्या निदान आठवडाभर आधी मागून घ्या आणि वाचायला बसा. एकूण किमतीत ठरलेली सूट वजा होऊन आकडा आला आहे का, अंकी आणि अक्षरी सारखाच आहे का. पार्किंग ‘एक कव्हर्ड पार्किंग’ एवढेच नको. क्रमांक, कोणत्या पातळीवर, लांबी, रुंदी, उंची आणि नकाशावरची जागा परिशिष्टात हवी. खांबामध्ये अडकलेल्या जागेत मोठी गाडी शिरत नाही आणि दार उघडत नाही, हे ताब्याच्या दिवशी कळून उपयोग नाही. उघड्यावरचे पार्किंग विकता येत नाही, त्याचे पैसे कॉस्ट शीटवर असतील तर काढायला लावा. सुविधांच्या परिशिष्टात एसीचे टन आणि संख्या, टाइल्सचा आकार, नळांची कंपनी लिहून घ्या. ‘किंवा समतुल्य’ हे दोन शब्द जिथे असतील तिथे समतुल्य कोण ठरवणार ते विचारा. कार्पेट क्षेत्रात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो आणि क्षेत्र कमी भरले तर जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे, हे नमुन्यातले कलम जसेच्या तसे आहे ना, ते पाहा. किंमत वाढवण्याचा हक्क बिल्डरने स्वतःकडे ठेवलेला नसावा. सरकारी शुल्क वाढले तरच वाढ मागता येते.

व्याजाचा दर दोन्ही बाजूंना एकच असायला हवा. महाराष्ट्रात तो स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा आधारभूत दर) अधिक २ टक्के आहे. तुमच्या उशिराला १८ टक्के आणि त्याच्या उशिराला काहीच नाही, असे कलम दिसले तर ते बदलून घेण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस (बिल्डरच्या नावे आधीच कापायचा प्राप्तिकर) कापून तुम्हाला भरायचा असतो. ‘नेट’ किंमत ठरवताना हा टक्का किमतीतलाच आहे, तिच्यावर नाही, एवढे मसुद्यात स्पष्ट करून घ्या. सूट, एसी आणि पार्किंग मसुद्यात आलेले नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयाची वेळ रद्द करा आणि दुरुस्त मसुदा आल्यावर नवी घ्या.